‘शॉन ऑफ द डेड’: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२००४ सालचा हा ब्रिटिश भय-विनोदपट अजूनही रोज कोणीतरी पहिल्यांदा पाहतं आणि मग तेच ते प्रश्न येतात. उत्तरं खाली दिली आहेत. त्यांत माझी मतं भरपूर आहेत, आणि शेवटासकट सगळं फोडलेलंही आहे. चित्रपट पाहिला नसेल तर पहिली दोन उत्तरं वाचा, चित्रपट पाहा आणि मग परत या.

गोष्ट काय आहे, थोडक्यात सांगाल?

उत्तर लंडनमध्ये राहणारा शॉन तिशीला टेकलाय. इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या दुकानात विक्रेता आहे आणि तिथली पोरंसोरंही त्याला जुमानत नाहीत. घरी एड नावाचा जिवलग मित्र दिवसभर सोफ्यावर पडून व्हिडिओ गेम खेळतो, आणि भाड्यातला तिसरा भागीदार पीट या दोघांना वैतागलेला असतो. रोज संध्याकाळी ‘विंचेस्टर’ या एकाच पबमध्ये बसायचं, याला कंटाळून प्रेयसी लिझ शॉनला सोडून जाते. दुसऱ्या दिवशी मेलेली माणसं उठून जिवंतांना चावत सुटतात. शॉनचा बेत ठरतो: आईला घ्यायचं, लिझला घ्यायचं आणि तडक विंचेस्टर गाठायचं.

दिग्दर्शन एडगर राइटचं, पटकथा राइट आणि सायमन पेग यांची. शॉन झालाय पेग स्वतः, आणि एड म्हणजे निक फ्रॉस्ट.

याला खरंच ‘कमी बजेट’ म्हणायचं का?

खर्च झाला सुमारे ४० लाख पौंड, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने ६० लाख डॉलरच्या आसपास. हा आकडा ऐकून मराठी निर्मात्याला हसू येईल आणि ते रास्तच आहे. पण तुलना त्याच दुकानातल्या मालाशी करायला हवी. त्याच वसंत ऋतूत हॉलिवूडने ‘डॉन ऑफ द डेड’ची नवी आवृत्ती आणली, तिचा खर्च सुमारे २ कोटी ६० लाख डॉलर होता. म्हणजे शॉनच्या चौपटीहून जास्त.

शिवाय हा पैसाही सहजासहजी आला नाही. प्रकल्प आधी चॅनल फोर या ब्रिटिश टीव्ही वाहिनीच्या ‘फिल्मफोर’ या चित्रपट कंपनीकडे होता. २००२ मध्ये चॅनल फोरने त्या कंपनीचा स्वतंत्र कारभारच आवरला आणि पटकथा उघड्यावर पडली. पुढे ‘वर्किंग टायटल’ या निर्मितीसंस्थेने ती उचलली. चित्रपटाने जगभर सुमारे ३ कोटी डॉलरचा गल्ला जमवला, तेव्हा ज्यांनी आधी नकार दिला होता त्यांनी काय म्हटलं असेल, याची कल्पना करायला मजा येते.

पैशांची चणचण पडद्यावर दिसते का?

दिसते. पण कुठे दिसू द्यायची, हे बऱ्याच वेळा त्यांनी आधीच ठरवून ठेवलंय. मला या चित्रपटाचं सगळ्यात जास्त कौतुक याच गोष्टीचं वाटतं.

शॉनचं सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानात जाणं घ्या. पहिल्यांदा आपण हे एका सलग शॉटमध्ये पाहतो: घरातून बाहेर, रस्ता ओलांडून दुकान, थंड पेयाचा कॅन, परत. वाटेत नेहमीची माणसं भेटतात. दुसऱ्या दिवशी तोच रस्ता, तोच कॅमेरा, तीच चाल. फक्त आता गाड्यांच्या काचा फुटल्यात, दुकानातल्या फ्रिजवर रक्ताचे हात उमटलेत, आणि रात्रीची उतरलेली नसल्यामुळे शॉनला यातलं काहीच दिसत नाही. सांडलेल्या रक्तावरून त्याचा पाय घसरतो, तरी तो पुढे चालत राहतो. नवीन जागा नाही, नवा सेट नाही, मोठा जमाव नाही. जगबुडी झालीये आणि नायकाला पत्ता नाही, हा विनोद एका गल्लीत मावला.

दुसरं उदाहरण टीव्हीचं. सगळ्या देशात हाहाकार माजलाय हे दाखवायला दुसरा कोणी पेटलेली शहरं उभी करेल. इथे शॉन रिमोटने चॅनल बदलत जातो, आणि प्रत्येक चॅनलवरचं अर्धं वाक्य पुढच्या चॅनलवरच्या अर्ध्या वाक्याला जोडून बातमी पुरी होते. शॉन मात्र ऐकतच नाही. देशव्यापी संकट एका टीव्हीच्या खर्चात निघालं.

आणि झॉम्बी? त्यांत अनेक जण ‘स्पेस्ड’ या पेग आणि राइट यांच्याच टीव्ही मालिकेचे चाहते होते. हौसेने येऊन त्यांनी तोंडाला रक्त फासून घेतलं. मालिका चॅनल फोरवर १९९९ ते २००१ या काळात झाली. तिच्या एका भागात नायकाला रात्रभर झॉम्बींचा व्हिडिओ गेम खेळून झाल्यावर झॉम्बी दिसायला लागतात, आणि या चित्रपटाचं बी तिथेच पडलं.

चणचण झाकली जात नाही ती शेवटाकडे. पबबाहेर अफाट गर्दी आहे हे आपल्याला मानावं लागतं, कारण एका वेळी पडद्यावर तेवढी गर्दी कधी दिसत नाही. लष्कर येतं त्या प्रसंगात तर आवाज जास्त आणि माणसं कमी.

पटकथेचं एवढं गुणगान का चालतं?

तिच्यात वाया गेलेली गोष्ट सापडणं कठीण आहे म्हणून. पहिल्या एकतृतीयांश भागात जे सहज बोललं जातं, ते पुढे जसंच्या तसं घडतं.

सगळ्यात गाजलेला नमुना म्हणजे एडचं पबमधलं भाषण. लिझ सोडून गेल्यावर शॉनची समजूत काढताना तो उद्याचा बेत सांगतो: सकाळी उठल्या उठल्या ब्लडी मेरी, मग ‘किंग्ज हेड’मध्ये थोडं चावायला, ‘लिटल प्रिन्सेस’मध्ये जोडीने दोन, झोकांड्या खात इथे परत आणि बारवर शॉट्स. ऐकताना हे दारुड्याचं बरळणं वाटतं. दुसऱ्या दिवशी परसात पहिली झॉम्बी भेटते तिचं नाव मेरी, आणि ती रक्ताने माखलेली. मग कुटुंबप्रमुखाला, म्हणजे सावत्र वडिलांना, चावा बसतो. मग राजकन्या लिझ आणि तिच्या घरातलं जोडपं, डायॅन आणि डेव्हिड, यांना घेऊन सगळे निघतात, झॉम्बींची नक्कल करत झोकांड्या खात पबकडे येतात, आणि शेवटी बारवर खरोखरच्या गोळ्या झाडल्या जातात. संपूर्ण कथानक आपल्याला अर्ध्या मिनिटात सांगून टाकलेलं असतं आणि पहिल्या खेपेला कोणाच्याही लक्षात येत नाही.

अशा छोट्या जोड्या कितीतरी आहेत. पीट एडवर ओरडतो, शॉन एडची बाजू घेतो, कुंपणावरून उडी मारायचा डौल आणतो. हे सगळं नंतर वसूल होतं. बारवर टांगलेली रायफल खरी की शोभेची, हा वाद आधी नुसत्या गप्पांत येतो. कुत्र्यांना वर पाहता येत नाही, हे एडचं अगाध ज्ञानसुद्धा परत येतं. २००४ च्या ब्रिटिश इंडिपेंडंट फिल्म अवॉर्ड्समध्ये उत्कृष्ट पटकथेचा पुरस्कार राइट आणि पेग यांना मिळाला. तो योग्य हातांत गेला, एवढंच म्हणेन.

पहिला अर्धा तास काहीच घडत नाही. मी कंटाळून बंद केला तर?

तर चूक कराल. शीर्षकांच्या वेळीच सुपरमार्केटच्या काउंटरवरची मुलगी, बसमधले प्रवासी, सगळे मान टाकून मेल्यासारखे वावरताना दिसतात. झॉम्बी यायच्या आधीच अर्धं शहर झॉम्बी झालंय. पुढची सगळी गंमत याच पायावर उभी आहे.

बंदुका का नाहीत? अमेरिकन चित्रपटात एव्हाना सगळे गोळ्या झाडत असते.

कारण घटना लंडनमध्ये घडतेय. १९९६ मध्ये स्कॉटलंडमधल्या डनब्लेनच्या शाळेत गोळीबार झाला, आणि पुढच्या वर्षी ब्रिटनने खासगी हँडगनवर जवळपास पूर्ण बंदी आणली. तिथला साधा पोलीसही सहसा बंदुकीशिवाय फिरतो. त्यामुळे शॉनच्या हाती येते ती क्रिकेटची बॅट आणि एडच्या हाती फावडं.

याचा चित्रपटाला तिहेरी फायदा झालाय. एक, खर्च वाचला. दोन, प्रत्येक झॉम्बीला मारायला जवळ जावं लागतं, त्यामुळे धडपड आणि फजिती दोन्ही वाढतात. तीन, घरात हाताला लागेल ते फेकून मारायचा प्रसंग मिळाला. अंगणात दोन झॉम्बी चालून येतायत आणि हे दोघे ग्रामोफोन रेकॉर्डच्या खोक्यात बसून कोणती फेकायची, कोणती नाही यावर वाद घालतायत. गायक प्रिन्सची ‘पर्पल रेन’ राखून ठेवायची, ‘बॅटमॅन’चं संगीत मात्र बिनदिक्कत भिरकवायचं. चव म्हणजे चव. बॅट धरून मोठे झालेल्या आपल्या प्रेक्षकाला शॉनची फलंदाजी अंगावर येईल, पण तो भाग वेगळा.

हसू येतं हे मान्य. पण भीती वाटते का?

दचकवण्याच्या अर्थाने फार नाही. झॉम्बी संथ आहेत, रस्त्यावरून त्यांना चुकवत चालता येतं. भीती येते ती दुसऱ्याच दारातून, आणि ती बरीच उशिरा येते.

सावत्र वडील फिलिप, म्हणजे बिल नाय, हे पहिल्यापासून शॉनच्या डोक्यात बसलेले. गाडीच्या मागच्या सीटवर, चावा बसल्यावर, ते त्याला सांगतात की मी तुला कायम आपलाच मानला, तू कणखर व्हावंस एवढीच इच्छा होती. शॉन काही बोलायच्या आत ते गेलेले असतात. पुढच्या क्षणी झॉम्बी होऊन उठतात आणि आयुष्यभर ज्या गोंगाटाचा त्रास झाला, तो गाडीतला धडधडता स्टिरिओ आधी बंद करतात. रडू आणि हसू यांत एका सेकंदाचंही अंतर नाही.

मग आई. पेनेलपी विल्टन यांनी बार्बरा उभी केलीये ती एखाद्या गंभीर नाटकात करावी तशी. वाटेत आपल्याला चावा बसलाय हे ती कोणाला सांगत नाही. का, तर मुलाला उगाच त्रास नको! हा अस्सल इंग्रजी भिडस्तपणा असेल, पण आपल्याकडच्या कितीतरी आया याच जातीच्या. पबमध्ये तिचा जीव जातो, ती उठणार हे सगळ्यांना कळतं, आणि रायफल शॉनच्या हातात असते. या प्रसंगात दिग्दर्शक एकही विनोद करत नाही. स्वस्तातला भय-विनोदपट इथे नेहमी कच खातो, एखादी कोटी मारून सुटका करून घेतो. राइटने ते टाळलं, आणि या चित्रपटाला जी पत आहे ती याच चार-पाच मिनिटांमुळे, असं माझं ठाम मत आहे.

सगळ्यात मोठा दोष कोणता?

लिझ. केट ॲशफील्ड काम नीट करते, पण तिला करायला दिलंय काय? तिची तक्रार सोळा आणे खरी आहे: शॉन बदलत नाही, एडला दूर करत नाही, दुसरीकडे कुठे जायचं म्हटलं की गाडी पबवरच येते. पटकथेने ही तक्रार मांडली आणि मग संकटाच्या धामधुमीत विसरून गेली. झॉम्बींशी झुंजला म्हणून शॉन चांगला जोडीदार ठरतो का? शेवटी सहा महिन्यांनी लिझ त्याच घरात, त्याच सोफ्यावर बसून रविवारचा बेत ठरवतेय, आणि त्या बेतात पब आहेच. झॉम्बी झालेला एड मागच्या शेडमध्ये साखळीला बांधून गेम खेळतोय.

हा तिरकस शेवट आहे, माणसं बदलतच नाहीत हाच विनोद आहे, असा बचाव ऐकलाय. अर्धा पटतो. पण मग लिझला हे सगळं का चालतं, याचं एखादं वाक्य तरी तिच्या तोंडी हवं होतं. त्या मानाने तिची मैत्रीण डायॅन, ल्युसी डेव्हिसने केलेली फसलेली नटी, जास्त जिवंत आहे. सगळ्यांना झॉम्बीचा अभिनय शिकवण्याची तिची ‘तालीम’ म्हणजे चित्रपटातला एक उत्तम तुकडा.

पबमध्ये शिरल्यावर चित्रपट रेंगाळतो, असं मलाच वाटतं का?

नाही, रेंगाळतोच. तिथपर्यंतचा चित्रपट रस्त्यावर, चालता-बोलता आहे. पबची दारं बंद झाली की तो नेहमीचा वेढ्याचा झॉम्बीपट होतो, आणि तो प्रकार इतरांनी जास्त पैशांत करून ठेवलाय. फुटक्या बाटल्या एकमेकांवर रोखून चाललेलं भांडण लांबतं. आईच्या मृत्यूनंतर परत हसायला लावणं अवघड होतंच. त्यावर डेव्हिडला खिडकीतून ओढून आतडी बाहेर काढतात तो प्रकार म्हणजे जॉर्ज रोमेरोच्या १९८५ च्या ‘डे ऑफ द डेड’ला केलेला नमस्कार. जाणकार टाळ्या वाजवतात, बाकीच्यांच्या पोटात ढवळतं. आणि नंतर लष्कर येऊन सगळं मिटवतं. एवढ्या बांधेसूद पटकथेला हा शेवट शोभत नाही. शॉनची जुनी मैत्रीण इव्हॉन त्यांना घेऊन येते, म्हणून धागा तांत्रिकदृष्ट्या जुळतो, इतकंच.

डेव्हिडवर अन्याय झालाय का?

झालाय. डिलन मोरनचा डेव्हिड खडूस आहे, लिझवर लाळ घोटतो, पण पबमधल्या त्या प्रसंगी त्याचं म्हणणं बरोबरच असतं. आई आता आई राहणार नाही, हे तो बोलून दाखवतो. पटकथेने त्याला आधीच इतका नावडता करून ठेवलाय की त्याचं पटलं तरी आपण कबूल करत नाही. हुशारी आहे, पण थोडी लबाडीही.

आज पाहताना काही खटकतं का?

एडच्या तोंडी एक वंशद्वेषी शब्द निव्वळ गंमत म्हणून येतो. तेव्हाही तो विनोद मोठा नव्हता, आता तर नकोच वाटतो. शिवाय उत्तर लंडनसारख्या भागातली गोष्ट आणि मुख्य टोळीतले सगळे गोरे, हे चटकन डोळ्यांत भरतं.

‘डोन्ट स्टॉप मी नाऊ’चं दृश्य इतकं का गाजलं?

पबचा मालक झॉम्बी होऊन आलाय, ज्यूकबॉक्स आपोआप क्वीन या बँडचं गाणं लावतो, आणि शॉन, एड, लिझ बिलियर्डच्या काठ्या घेऊन त्याला गाण्याच्या ठेक्यावर बडवतात. मारहाण पाहायची की नाच, ते ठरत नाही. गाणं हजार वेळा ऐकलेलं, त्याचा इतका अनपेक्षित वापर केला की ते पुन्हा नवं झालं. जाता जाता: ज्याचा आवाज त्यात घुमतो तो फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे फारुख बलसारा, आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला. साताऱ्याच्या लोकांनी हे दृश्य थोडी कॉलर ताठ करून पाहायला हरकत नाही.

जुने झॉम्बीपट पाहिले नाहीत. काही अडेल का?

अजिबात नाही. शॉनच्या दुकानाचं नाव ‘फॉरी इलेक्ट्रिक’ आहे ते केन फॉरी या नटावरून, हॉटेलचं नाव इटालियन दिग्दर्शक लुचिओ फुल्चीवरून. हे माहीत नसलं तरी विनोद बुडत नाही. आईचं नाव बार्बरा का, हे कळायला रोमेरोचा १९६८ चा ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ पाहिलेला बरा. खुद्द रोमेरोला हा चित्रपट आवडला आणि २००५ च्या ‘लँड ऑफ द डेड’मध्ये त्याने पेग आणि राइट यांना झॉम्बी करून उभं केलं.

मुलांबरोबर पाहता येईल का?

लहान मुलांबरोबर नको. ब्रिटनमध्ये १५ वर्षांखालच्यांना परवानगी नाही. रक्तापेक्षा शिव्याच जास्त आहेत. आजी-आजोबा खोलीत असतील तर हेडफोन लावा.

आपल्याकडे असं काही आहे का?

भीती आणि हसू एकत्र शिजवायची सवय मराठीला आधीपासून आहे. महेश कोठारे यांच्या १९९३ च्या ‘झपाटलेला’मधला तात्या विंचू आठवा. बाहुलं मर्यादित साधनांत बनलेलं, पण रामदास पाध्ये यांच्या हातांमुळे आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या घाबरण्यामुळे ते खरं झालं. झॉम्बींपुरतं बोलायचं तर राज आणि डीके यांचा हिंदी ‘गो गोवा गॉन’ २०१३ मध्ये आला, आणि मराठीत आदित्य सरपोतदार यांचा ‘झोंबिवली’ २०२२ मध्ये. ‘झोंबिवली’ची चांगली बाजू अशी की त्याने डोंबिवली हे नुसतं नाव म्हणून वापरलं नाही. टोलेजंग इमारत, शेजारची वस्ती, पाण्यावरून असलेली विषमता हे सगळं गोष्टीत आलं. शॉनकडे असा सामाजिक मुद्दा नाही. पण प्रत्येक वाक्य दोनदा कामाला लावण्याची चिकाटी शॉनकडे जास्त आहे.

हा आवडला तर पुढे काय पाहू?

याच मंडळींचे ‘हॉट फझ’ (२००७) आणि ‘द वर्ल्ड्स एंड’ (२०१३). पहिला तर पटकथेच्या बांधणीत शॉनच्याही पुढे जातो. जो कॉर्निशचा ‘अटॅक द ब्लॉक’ (२०११) जरूर पाहा: दक्षिण लंडनच्या सरकारी वसाहतीतली पोरं विरुद्ध परग्रहावरचे प्राणी. शॉनमध्ये नसलेलं लंडन तिथे भेटतं. ‘कॉकनीज व्हर्सेस झॉम्बीज’ (२०१२) बराचसा कच्चा आहे, पण वॉकर धरून चालणारे आजोबा पुढे आणि संथ झॉम्बी मागे, असा एक पाठलाग त्यात आहे. तेवढ्यासाठी पैसे वसूल.

सबटायटल लावू का?

पहिल्यांदा लावा, एडचं अर्धं बोलणं घशातच राहतं. दुसऱ्यांदा बंद करा, कारण तेव्हा नजर खालच्या ओळीवर नको, मागच्या टीव्हीवर, भिंतीवरच्या पोस्टरवर आणि रस्त्यावरून जाणाऱ्या रुग्णवाहिकांवर हवी.